नाडकर्ण्यांची पेटी मोखाड्याला जाते

सर्व संबंधितांना, आणि त्याहून अधिक असंबंधितांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की या दिवाळीनंतर मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर भर उजेडात अख्खं गाव माझ्यामागून नाचलं. मी डावीकडे वळलो की गाव डावीकडे. मी उजवीकडे वळलो की गाव उजवीकडे. मी शिंकलो तेव्हा रांग क्षणभर थबकली आणि पुन्हा चालू झाली. एवढी मोठी बातमी कुठल्याही वर्तमानपत्राने छापली नाही, त्यामुळे ती लिहून ठेवण्याची जबाबदारी माझ्यावर येऊन पडली आहे. माझं वय, पोट आणि उजवा गुडघा ज्यांच्या परिचयाचा आहे ते यावर विश्वास ठेवणार नाहीत. त्यांनी सावकाश वाचावं.

ठाण्यात माझं वाद्यांचं दुकान आहे. हार्मोनियम, तबला, आणि नवरात्रात टिपऱ्या. माझा शेजारी नाडकर्णी हा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. तो बोलतो कमी आणि जे बोलतो ते मोजमाप असतं. या नाडकर्ण्याने गेली काही वर्षं घरच्या घरी एक वाद्य बनवलं. पाटाएवढी लाकडी पेटी, वर बटाटेवड्याएवढी बटणं. प्रत्येक बटणाला एक सूर. बटण इतकं हलकं की त्यावर माशी बसली तर वाजत नाही, पण मारली तर वाजतं. आत सगळं डिजिटल. डिजिटल म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आत फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच आहे." मी म्हटलं, मग आपल्या कचेऱ्यांच्या हे एक पाऊल पुढेच आहे, तिथे 'हो' नसतं.

ही पेटी त्याने एका वसतिगृहातल्या मुलांसाठी केली होती. ज्यांचे हात वळत नाहीत, बोटं उघडत नाहीत, अशी मुलं. एक मुलगा हनुवटीने वाजवायचा. एका मुलीने कोपराने भूप वाजवला, तेव्हा मी तिथे हजर होतो. दुकानात नव्हतो हे बरं झालं, कारण मालक डोळे पुसतोय हे गिऱ्हाइकाने पाहू नये. माझ्या दुकानाच्या काचेबाहेर उभं राहून परत जाणारी किती माणसं मी पाहिली आहेत. कुणाची बोटं थरथरतात, कुणाला भाता ओढवत नाही. हार्मोनियम कुणासाठी थांबत नाही. ही पेटी थांबते.

दिवाळीत नाडकर्ण्याची मावसबहीण सुमनताई फराळाला आली. ती जव्हारला नर्स आहे आणि पायी पाडे हिंडते. तिने पेटी पाहिली, एक चकली संपवली आणि नाडकर्ण्याला म्हणाली, "दिगू, हिच्यासाठी माझ्याकडे माणूस आहे."

तो माणूस म्हणजे जान्या. मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरचा तारपा वाजवणारा. ज्यांनी तारपा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वाळलेला लांबट भोपळा, त्याला खाली बांबूच्या दोन नळ्या, आणि त्यांच्या पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळलेला लांबलचक कर्णा. वाजवणारा त्यात फुंकतो आणि मधे श्वास घेतलेला कुणाला कळू देत नाही. सूर तुटता कामा नये, कारण सगळं गाव त्यावर नाचत असतं. जान्या या भागातला नावाजलेला. पण तो काही वर्षं ठाण्याच्या बाजूला खडीच्या खाणीत कामाला होता आणि त्या धुळीने त्याची छाती गेली. आता त्याला चूल फुंकवत नाही. आमच्या इमारतीच्या पायात कुठली खडी आहे ते मला माहीत नाही. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

नवा भात आला की तारपा खाली काढायचा आणि खळ्यावर नाचायचं, अशी तिकडची रीत. जान्याची छाती गेल्यापासून पाडा नाचासाठी ओढ्यापलीकडच्या सख्याला बोलावत होता. यंदा सख्याने निरोप धाडला होता की आलो तर कायमचा येईन, दर वर्षी माझाच तारपा. उसना म्हणून मी येणार नाही. पाड्याच्या म्हाताऱ्याला त्याला उत्तर द्यायचं होतं. आणि जान्या, सुमनताई म्हणाली, ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो.

नाडकर्ण्याने पेटी उघडून आतले सेल काढले. मग त्याने सेलचा नवा जोड आणायला मला खाली पाठवलं.

जव्हार

जव्हारच्या घाटात एसटीला अनाहूत सूर लागला. खालचा सा, संथ आणि अखंड. उतारू एकमेकांकडे पाहू लागले. ड्रायव्हरने गाडी हळू केली तरी सूर तोच. त्याने गाडी थांबवून इंजिन बंद केलं तरी सूर तोच. तो उतरला, बॉनेट उघडून आत कान लावून उभा राहिला आणि मग कंडक्टरला म्हणाला की एवढी वर्षं गाडी चालवतोय, पण हिला बंद असताना बोलताना पहिल्यांदाच ऐकतोय. सुक्या मासळीची पाटी आमच्या पेटीवर कलली होती आणि एक बोंबील बटणावर आडवा झाला होता. नाडकर्ण्याने उठून बोंबील बाजूला केला. गाडीत शांतता पसरली. मासळीवाली म्हणाली की चांगलं लागलं होतं, कशाला बंद केलं.

जव्हारला पोचलो तेव्हा गारठा होता. ठाणेकराच्या हिशेबी थंडी म्हणजे पंखा बंद करणं. इथे लोक खरोखर कांबळी पांघरतात. राजवाडा झाडीत मान वर करून उभा होता, बाजारात नवा तांदूळ आणि नागली आली होती, आणि सुमनताई आम्हाला थेट उस्मानभाईंच्या दुकानात घेऊन गेली.

उस्मानभाई पत्र्याचं काम करतात, बत्त्या दुरुस्त करतात, बॅटऱ्या चार्ज करतात आणि लग्नसराईत भोंगा भाड्याने देतात. त्यांचं म्हणणं असं की जव्हारमध्ये जी वस्तू बोलते ती त्यांच्यामुळे बोलते. त्यांनी पेटीचं एक बटण दाबलं, कान दिला आणि आमच्याकडे दयेने पाहिलं.

"नाडकर्णीसाब, चीज अच्छी आहे. पण हा आवाज खोलीतला. तिकडे डोंगर आहे, ओढा आहे, पोरं ओरडतात. तुमची पेटी बोलेल आणि तिलाच फक्त ऐकू येईल."

नाडकर्णी म्हणाला की आतला स्पीकर मुद्दाम लहान आहे, वसतिगृहातल्या शेजाऱ्यांनी तशी विनंती केली होती. उस्मानभाईंनी चहा आणि नानकटाई मागवली, आणि आमची नानकटाई संपेपर्यंत पेटीच्या बाजूला एक भोक पाडून, वायर जोडून, लग्नाचा भोंगा, अॅम्प्लिफायर आणि एका स्कूटरची बॅटरी आमच्या सामानात घातली. स्कूटर कुणाची, हे विचारायचं राहून गेलं. नाडकर्णी त्या भोकाकडे बराच वेळ बघत होता. बापाने पोरीच्या टोचलेल्या कानाकडे बघावं तसा.

"बापूसाब," उस्मानभाई मला म्हणाले, "भोंगा कुणीतरी उंच धरायचा. वायर थोडी आखूड आहे. तुमची उंची बरोबर आहे."

माझ्या उंचीचं आयुष्यात प्रथमच कौतुक झालं. मी बळी पडलो.

पाडा

मोखाड्याच्या अलीकडे गाडीतून उतरलो आणि खाली चालू लागलो. दोन्ही बाजूंना उतारावर खुरासणी फुलली होती, नुसती हळद सांडल्यासारखी. भात कापून झाला होता. सुमनताई पुढे, नाडकर्णी छातीशी पेटी धरून मधे, आणि मी खांद्यावर भोंगा, हातात बॅटरी, अशी मिरवणूक. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, "लगीन कोणाचा?" पहिल्या दोघांना मी खरं सांगितलं. त्यानंतर मी नाडकर्ण्याचं लग्न असल्याचं सांगत गेलो. तो पन्नाशीचा आहे आणि विवाहित आहे. पण पाड्यापर्यंत ती वार्ता आमच्या आधी पोचली आणि दोन म्हाताऱ्या त्याला पाहायला आल्या. त्यांनी त्याला चहूबाजूंनी पाहिलं आणि काही न बोलता परत गेल्या.

इथे सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतात. लहान पोर म्हाताऱ्याला, म्हातारा सुमनताईला, आणि सगळे मला. ठाण्यात मला आमची मांजरसुद्धा 'अहो' म्हणत असावी असं वागते. अर्ध्या तासात मी पंधरा वर्षांनी लहान झालो. नाडकर्णी झाला नाही. तो शेवटपर्यंत सगळ्यांना, बकऱ्यांना धरून, 'आपण' म्हणत होता.

जान्या ओटीवर बसला होता. हाडकुळा, खांद्यावर चादर, डोळे मात्र भलतेच जागे. त्याने पेटीकडे पाहिलं.

"ह्यात काय हाय, बाय? औषीद?"

वाद्य आहे, सुमनताई म्हणाली.

"मी वाद्य नाय वाजवीत. मी तारपा वाजवतो."

नाडकर्ण्याने पेटी समोर ठेवली आणि मुद्दाम या कामासाठी बसवलेला सूर वाजवून दाखवला. त्याने तारप्याची कॅसेट आठवडाभर ऐकून तो जुळवला होता. जान्याने ऐकला आणि म्हणाला, "याला सर्दी झाली."

मग दुपारभर उपचार चालले. नाडकर्णी एक एक मळसूत्र पिळायचा, बटण दाबायचा आणि आदराने विचारायचा, "आता आपल्याला कसं वाटतं?" जान्या सांगायचा, अजून नाकातून बोलतो. आता डुकरागत झाला. आता बरा हाय, पण हा आमचे पाड्याचा नाय, हा वाडा तालुक्याचे बाजूचा. ऊन ओटीवरून उतरलं तेव्हा जान्याने मान तिरकी केली.

"हां. आता माझा बापूस वाटतो. थोडा प्यालेला हाय, पण बापूस हाय."

नाडकर्ण्याने यावर पेन्सिलीने पेटीच्या आत एक बारीक खूण केली. मी त्याला इतका खूश त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

जान्याच्या बायकोने, लाखीने, आम्हाला जेवायला वाढलं. नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि सुक्या बोंबलाची चटणी. मी शाकाहारी असल्याचं घरी सांगितलेलं आहे. ते इथे कुणाला ठाऊक नव्हतं. लाखी वाढताना जान्याकडे बघत होती आणि सुमनताईला हळूच सांगत होती की हा माणूस आज भाकरी मागून खातोय, एरवी ताट पुढे सारावं लागतं. सख्याचा तारपा ओढ्यापलीकडून ऐकू आला की हा उठून आत जातो, असंही ती म्हणाली.

तोपर्यंत अंगणात पाडा जमला होता. नाडकर्ण्याचा हा आवडता क्षण असतो. पेटी मधे ठेवायची आणि बाजूला व्हायचं. आधी कुणी पुढे येईना. मग एका म्हातारीने, जिचा डावा हात लहानपणापासून वाळलेला होता, त्याच हाताची मूठ बटणावर टेकवली. सूर निघाला. ती इतकी दचकली की मागच्या दोघी पडता पडता राहिल्या. मग तिने दुसरं बटण दाबलं, मग परत पहिलं, आणि बाजूला व्हायला तयार होईना. हात थरथरणारा एक म्हातारा आला. त्याच्या थरथरीने सुरालाही थरथर आली आणि लोक वाहवा करू लागले. बाई आली, तिच्या कडेवरचं पोर आलं, आणि पोराने टाचेने वाजवलं. सगळे हसत होते. नाडकर्णी चश्मा पुसत होता.

जान्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो ओटीवरून उठला होता.

"कोणी बी दाबला का वाजतो," तो म्हणाला, "मंग जान्या कशाला?"

हसणं थांबलं. कोणीही दाबावं आणि वाजावं, एवढ्यासाठीच तर नाडकर्ण्याने डोळ्यांची वाट लावली होती. यात कुणाचं काही जाऊ शकतं, हे त्याच्या मोजमापात कधी आलं नव्हतं. अशी शांतता मला सहन होत नाही, म्हणून मी पुढे होऊन कलेविषयी एक भाषण केलं. आवाज चांगला लागला होता. एक कोंबडी शेवटपर्यंत ऐकत होती.

लाखी भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"दाबला सगळ्यांनी," ती म्हणाली. "नाचला कोण?"

जान्या तिच्याकडे बघत राहिला. मग आला, म्हातारीला हाताने बाजूला केलं आणि पेटीसमोर मांडी घालून बसला. आधी बोटं चुकली. बटणं फार लांब लांब आहेत, ढोरांसाठी केली काय, असं तो पुटपुटला. मग एक चाल सुरू झाली. इकडे नाचाच्या चालीला चाळा म्हणतात. हा मोराचा चाळा होता असं मला नंतर कळलं. त्यात माझ्या दुकानातल्या हार्मोनियमवर सापडणारे सूर चारच होते. पण ते फिरून फिरून येत होते आणि प्रत्येक वेळी थोडे पुढे सरकून येत होते, आणि अंगणातल्या माणसांचे पाय आपोआप हलू लागले. पहिला पाय त्या वाळल्या हाताच्या म्हातारीचा हलला.

पाड्याचा म्हातारा बाबन हे सगळं कुडाला टेकून पाहत होता. तो म्हणाला की उद्या खळ्यावर खरोखरची रांग लावून बघू. नाच झाला तर सख्याला नको म्हणून सांगतो. नाय झाला तर परवा सख्या.

खळं

आता मूळ बातमीकडे येतो.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर खळ्यावर सगळे जमले. बाया-पुरुषांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून रांग धरली. रांगेच्या टोकाला एकजण खुळखुळणारी काठी घेऊन. पेटी स्टुलावर, जान्या पेटीसमोर, पेटीतून निघालेली वायर अॅम्प्लिफायरला आणि तिथून माझ्या खांद्यावरच्या भोंग्याला. उस्मानभाईंनी सांगितल्याप्रमाणे मी भोंगा उंच धरला. जान्याने सूर लावला. डोंगराने तो ऐकला, परत पाठवला, आणि ओढ्यापलीकडे कुत्री भुंकली. सख्यालाही ऐकू गेला असणार. जान्या हसला. त्याचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

रांग हलली. दोन पावलं, एक ठेका. आणि गोल फिरत फिरत माझ्याकडे आली.

मला वाटलं, मी वाटेत आहे. मी बाजूला झालो. रांग बाजूला झाली. मी मागे सरलो, रांग पुढे सरली. मी खळ्याच्या कडेने निघालो, कारण गुडघा धरत आला होता आणि तिकडे एक ओंडका दिसत होता, तर काठीवाला माझ्यासमोर काठी आपटत, रांग त्याच्यामागे, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे, डोळे माझ्या भोंग्यावर. मी शिंकलो, ते वर सांगितलंच आहे. वायर संपली तिथे मी थांबलो, आणि सगळं गाव माझ्यापुढे एका जागी ठेका धरून उभं राहिलं. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. मी किंचित झुललो. ते झुलले. मी हौशी नाटकात कामं केली आहेत, पण प्रेक्षक असे कधी मिळाले नाहीत. मी आणखी एक गिरकी घेण्याच्या बेतात होतो.

सूर थांबला.

जान्या स्टुलासमोर एकटा होता. त्याच्या समोर सगळ्यांच्या पाठी. सुमनताईने मला नंतर सांगितलं की नाचात तारप्याला कधी पाठ दाखवत नाहीत. तारपा वाजवणारा चालतो, त्याच्या पुढ्यात रांग फिरते, आणि सगळ्यांची तोंडं कायम त्याच्याकडे. तिरकं चालावं लागलं तरी मान वळवून, पण तोंड तारप्याकडे. जान्याला कुणी अपमान म्हणून पाठ दाखवली नव्हती. ज्याच्याकडे आवाज, त्याच्याकडे तोंड, एवढंच त्यांचे पाय जाणत होते.

बाबन गोंधळला. "आवाज तिथून येतो," तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "तारपा त्याचे खांद्यावर हाय."

"मंग त्यालाच ठेवा," जान्या म्हणाला. उठला, दोन पावलांवर त्याला खोकल्याने वाकवलं, आणि तो वाकलेलाच घरी गेला.

मी खांद्यावरून भोंगा उतरवला. एवढी जड वस्तू मी इतका वेळ धरली होती, हे मला तेव्हा कळलं. बाबन म्हणाला की सकाळी पोराला ओढ्यापलीकडे धाडतो. त्याच्या आवाजात काही आनंद नव्हता.

नाडकर्णी वायर गुंडाळत होता. तो एवढंच म्हणाला, "चूक माझी. आवाज कुठून यावा, हा प्रश्न मी विचारलाच नाही."

सकाळी मी तोंड धुऊन आलो तर जान्या अंगणात नाडकर्ण्यासमोर उकिडवा बसला होता आणि दोघांच्या मधे त्याचा तारपा पडला होता. काळसर भोपळा, ताडाच्या पानांचा कर्णा, सांध्यांना रानमधाचं मेण. जान्या पेटीतला लहान स्पीकर बोटाने दाखवत होता.

"तुझा हा बोलता डबा ह्याचे पोटात घाल. कर्णा माझे पुढं. मी चालेल, तो माझे संगं चालेल."

नाडकर्ण्याचा चेहरा उतरला. हे कापायचं? हे आपल्या वडिलांचं असेल, आजोबांचं असेल, असं तो म्हणू लागला. मीही पिढ्यान्पिढ्यांच्या ठेव्यावर दोन वाक्यं मनात जुळवली होती.

"बापसाचा कवाच मोडला," जान्या म्हणाला. "हा दोन सालांमागचा. भोपळे लागलेत वेलावर, हवा तर तुला बी देतो."

आणि त्याने कोयता घेऊन भोपळ्याचं बूड उडवलं.

लाखीच्या चुलीत कोळशावर वायर जोडायची, डाग देण्याची सळई तापवली गेली. नाडकर्ण्याने स्पीकर पेटीतून काढून भोपळ्यात बसवला, जान्याने कडेने मेण दाबलं, भोंग्याचा पट्टा काढून पेटीला लावला, तारपा तिच्या पुढे बांधला आणि ती जान्याच्या पोटावर आडवी टांगली. स्कूटरची बॅटरी नको, अॅम्प्लिफायर नको, आत टॉर्चचे सेल. जान्याने बटण दाबलं. त्या एवढ्याशा डब्याचा आवाज भोपळ्यात घुमला, कर्ण्यातून लांब झाला आणि अंगण ओलांडून गेला. नाडकर्णी म्हणाला की भोंग्याइतका नाही. मग कर्ण्याला कान लावून म्हणाला, "तारप्याइतका आहे."

लाखी डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होती. आवाज ऐकला तशी ती धावत बाबनकडे गेली. तिला धावताना पाहून कोंबड्या बाजूला झाल्या. ओढ्यापलीकडे निघालेल्या पोराला तिने बांधावरून हाका मारून परत आणलं.

त्या दिवशी ऊन उतरताना खळ्यावर रांग धरली. माझ्याकडे काहीही काम नव्हतं. मी त्या ओंडक्यावर बसलो होतो. जान्या मधे उभा राहिला. पोटावर पेटी, कर्णा जमिनीच्या दिशेने झुकलेला. त्याने चाळा धरला आणि चालू लागला. सावकाश, दोन पावलं, एक ठेका. रांग हलली, वळली, आणि प्रत्येकाचं तोंड त्याच्याकडे वळलं. म्हातारी वाळला हात शेजारणीच्या कमरेला टेकवून नाचत होती आणि मान मोडेल इतकी वळवून जान्याकडे बघत होती. कर्णा डावीकडे, गाव डावीकडे. सख्याला नको म्हणून सांगायला बाबन स्वतःच ओढ्याकडे निघाला होता. तो अर्ध्या वाटेवरून परत आला, रांगेत घुसला आणि म्हणाला, उद्या सांगतो. नाडकर्णी माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचा पाय हलत होता. मी त्याला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर थांबला असता.

आणि मग जान्या बोलू लागला.

तारपा वाजवणाऱ्याचं तोंड नळीला लागलेलं असतं. वाजवताना त्याला बोलता येत नाही. जे सांगायचं ते सुरातून. जान्याने आयुष्यभर असाच नाच चालवला होता. रांगेतली प्रत्येक चूक तो इतकी वर्षं बघत आला होता आणि गिळत आला होता. आता हात बटणांवर आणि तोंड मोकळं. त्याने दुसऱ्या फेरीत सुरुवात केली. काठीवाल्याला म्हणाला, तुझा पाय हाय का नांगर. कुणाला म्हणाला, ठेक्याला तू नेहमी उशिरा येतोस, लग्नाला बी उशिरा आला होतास. बाबनला म्हणाला, म्हाताऱ्या, तू रांगेत नाचतोस का रांग ओढतोस. सूर अखंड चालू, चाळा बदलतोय, आणि त्याच्या वरून जान्याचा तोफखाना. त्याला खोकला आला तरी सूर थांबला नाही. खोकून झाल्यावर तो जिथे बोलायचा थांबला होता तिथूनच पुढे बोलला. लोक हसत होते, पण रांग सोडत नव्हते, आणि पाठ फिरवायची तर सोय नव्हती.

फिरत फिरत लाखी त्याच्यासमोर आली. तो सूर न तोडता तिला म्हणाला की तुझा डावा पाय आपल्या लग्नापासून चुकतो, आज तोंड मोकळं आहे म्हणून सांगतो. लाखीचं तोंड आधी हसतं होतं. पुढच्या फेरीत त्याने तिला उजव्या पायाविषयी सांगितलं. त्याच्या पुढच्या फेरीत कमरेविषयी. सूर्य डोंगराआड गेला, चाळा संपायचं नाव घेईना, आणि जान्या चौथ्यांदा तिच्यासमोर येऊन तोंड उघडणार, इतक्यात लाखी रांगेतूनच, हात न सोडता, आमच्या ओंडक्याकडे वळून ओरडली:

"ए नाडकर्णी, त्याचे तोंडात फुंकायला कायतरी घाल."